दिवसा झोपणारा राक्षस

लिटल शूट, विस्कॉन्सिन
११ सप्टेंबर २०१७

प्रिय डार्ला,

पाकिटावरचं अक्षर ओळखलंस ना? नसेल तर तुझाच दोष. आठवीत माझे निबंध तूच तपासून द्यायचीस आणि वर "कोंबडी चालून गेली" असा शेरा मारायचीस. कोंबडी अजून तशीच चालते. मी लॉनी वायनबर्ग. तुझा पत्ता तुझ्या चुलत बहिणीकडून मिळवला. तिने आधी अर्धा तास मला दुकानात उभं करून तिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया टाक्यांसकट ऐकवली, मग पत्ता दिला. तेव्हा तो मी घाम गाळून मिळवलाय असं समज.

गिरणी बंद झाल्याचं तुला कळलंच असेल. जूनच्या शेवटच्या शुक्रवारी कागदाचं शेवटचं भेंडोळं निघालं, आम्ही सगळ्यांनी त्यावर सह्या केल्या आणि घरी आलो. एकतीस वर्षं मी तिसऱ्या पाळीत होतो, रात्री अकरा ते सकाळी सात. आता माणसासारखा दिवसा जागा राहतो. पण दुपारी दोनला उन्हात अंगणात उभा असलो की कुठेतरी चोरी करताना सापडल्यासारखं वाटतं. माझी बायको बेव्ह म्हणते, "लॉनी, शेजारी बघतायत, निदान हातात काहीतरी धर." म्हणून मी पाण्याची नळी धरून उभा राहतो.

परवा तळघर आवरायला घेतलं आणि आपला खोका सापडला. १९८२ सालचा! पेन्सिलींचे तुकडे, टेरी हिटपासने चावलेलं रबर, वीस बाजूंचा निळा फासा, आणि सगळ्यात खाली चौकटीच्या कागदावरचा तुझा नकाशा. डार्ला, मी तिथेच पायरीवर बसलो. तुमच्या तळघरातले ते शनिवार असे डोळ्यांपुढे आले की उठवेना. तू सूत्रधार, गोष्ट रचून सांगायचीस; टेरी आणि मी तिच्यातले दोन शूरवीर, काय करतो ते बोलून सांगायचो आणि जमलं की नाही ते फासा ठरवायचा. तुझे वडील वर झोपलेले, म्हणून फासे टॉवेलवर टाकायचे. जिंकलो तरी जल्लोष कुजबुजत करायचा. मी इतक्या हळू आवाजात त्यानंतर फक्त चर्चमध्ये ओरडलोय.

आता मुद्द्याचं. माझा मुलगा ब्रेट चोवीस वर्षांचा आहे, तिकडे डेन्व्हरला असतो. चांगला मुलगा आहे. मला वाटतं चांगला आहे. खरं सांगायचं तर मला तो नीटसा माहीत नाही. तो शाळेतून यायचा तेव्हा मी झोपलेला असायचो आणि तो झोपायला जायचा तेव्हा मी डबा भरत असायचो. फोनवर आमचं बोलणं हवामान आणि गाडीचं तेल यापुढे जात नाही. तर गेल्या आठवड्यात तो म्हणाला, "थँक्सगिव्हिंगला येतोय, मारिसोलला घेऊन. बाबा, तुम्ही आईला त्या फाशांच्या खेळाबद्दल सांगायचात ना? तो खेळवाल का आम्हाला?"

मारिसोल ही त्याची मैत्रीण. त्याने माझ्याकडे शेवटचं काही मागितलं होतं ती गाडीची किल्ली, सोळाव्या वर्षी. मी फोनवर "बघू" म्हणालो आणि ठेवल्यावर स्वयंपाकघरात नाचलो. बेव्ह साक्षीदार आहे.

पण मी कधी सूत्रधार नव्हतो गं. मी खेळातला बुटका योद्धा, माझं काम तलवार चालवायचं. गोष्ट कुठून आणायची ते मला माहीत नाही. तू कुठून आणायचीस? दर शनिवारी नवं दालन, नवं संकट, तेही वयाच्या पंधराव्या वर्षी! आणि दुसरं, या नकाशाचा पुढचा भाग कोरा आहे. राक्षसाच्या गुहेपर्यंत सगळं रेखलंय, त्यापलीकडे नुसत्या चौकटी. तिकडे काय होतं? फादर रॅडमाकरनी खेळावर बंदी घातली नसती तर आम्हाला कळलं असतं. त्या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही. त्यांच्या अंत्यविधीला मी मुद्दाम शेवटच्या बाकावर बसलो होतो.

मला हा एक दिवस नीट पार पाडायचाय. मदत कर.

तुझा जुना शूरवीर,
लॉनी

*

ह्यूटन, मिशिगन
२४ सप्टेंबर २०१७

प्रिय लॉनी,

कोंबडी आता म्हातारी झालीय, लंगडते. पण ओळखलं मी तिला.

तुझं पत्र मी ऑफिसात नेलं आणि जेवणाच्या सुट्टीत तीनदा वाचलं. मी इथे काउंटीच्या रस्तेखात्यात नकाशे काढते. आहे की नाही मजा? तेव्हा गुहा, आता गटारं. बाजूच्या टेबलावरच्या बाईने विचारलं, "काय गं, प्रेमपत्र का?" मी म्हटलं, "नाही, एका बुटक्या योद्ध्याचं आहे." ती त्यानंतर जरा लांबच बसते.

गोष्टी कुठून आणायचीस, विचारतोस. अरे गाढवा, आणायला मी कुठे जाणार होते? शाळा, चर्च आणि आमचं घर, एवढंच माझं जग. तुम्ही दोघं माझ्याकडे जादूगारणीसारखं बघायचात म्हणून मी कधी फोडलं नाही. आता ऐक. ज्या बहिऱ्या द्वारपालाला तुम्ही कोडी ओरडून सांगायचात ना, तो नदीवरच्या बंधाऱ्याचे दरवाजे उघडणारा म्हातारा व्हेर्हागन. आग ओकणारी घोरपड म्हणजे आमची घर तापवायची भट्टी. चेटकिणींची सभा, जिथे खेळात टेरीचा हात कापला गेला, ती चर्चमधल्या बायकांची गोधड्या शिवायची बैठक. त्यांच्या कात्र्या बघितल्या असत्यास तर तुलाही सुचलं असतं. आणि विषाची विहीर म्हणजे आईचं कोबी आंबवायचं पिंप. त्याचा वास तर तुम्ही खेळता खेळता घेतच होतात, तरी एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही.

माझी युक्ती एवढीच होती. ओळखीची जागा घ्यायची आणि तिचं नाव पुसायचं. मग तिथे कशाची भीती वाटते, कशाला हात लावायची बंदी आहे आणि कुणाची वाट बघितली जाते, हे स्वतःला विचारायचं. दुकानातून छापील साहसं विकत आणू नकोस. ती दुसऱ्याच्या घराची असतात. तू एकतीस वर्षं कागद गिरणीत काढलीस, आणि मला विचारतोस राक्षस कुठे मिळतात?

नकाशाचं म्हणशील तर तो टाकून दे. जुना झाला. राक्षसबिक्षस काही घेऊ नकोस, नवं काहीतरी कर. मुलाला आवडेल.

बेव्हला नमस्कार सांग. तिच्या सोशिकपणाचं कौतुक वाटतं.

डार्ला

*

लिटल शूट
८ ऑक्टोबर २०१७

प्रिय डार्ला,

कोबीचं पिंप! पस्तीस वर्षं मी त्या विहिरीच्या स्वप्नांनी दचकत होतो. तुझ्या आईचा आंबवलेला कोबी मी हावरटासारखा खायचो, ते वेगळं.

तुझ्या सांगण्याप्रमाणे बसलो. गिरणीचं नाव पुसलं आणि 'वाफेचा किल्ला' तयार केला. रात्रंदिवस फिरणारे लोखंडी रूळ, त्यात सापडला की माणूस कागदासारखा चपटा. वर बसलेला एक दुष्ट सरदार, दिसायला हुबेहूब आमच्या मुकादमासारखा. मला वाटलं, जिंकलो! मग सरावासाठी बेव्हला खेळायला बसवलं.

पहिल्या दालनात मी म्हटलं, "समोर अक्राळविक्राळ यंत्र धडधडतंय. काय करशील?"

बेव्ह म्हणाली, "बंद करीन. बटण असेलच की."

"बटण नाहीये."

"मग चालू कसं केलं?"

मी म्हटलं, जादूने. ती म्हणाली, "मग जादूवाल्याला बोलाव, मी इथे थांबते. तोवर हे कुणी पुसलेलं नाही का कधी? केवढी घाण आहे." चाळीस मिनिटांत तिने माझ्या सरदाराला जेवायला बोलावून त्याच्या आईची चौकशी केली. लढाई झालीच नाही. शेवटी म्हणते कशी, "लॉनी, छान होतं, पण तू मला गिरणीची सहल घडवलीस. मला तिथे कुणाची काळजी वाटली नाही."

खरं बोलली. एकतीस वर्षं मी तिथे होतो, पण माझंही तिथे फारसं काही नव्हतं. उरलेत साडेसहा आठवडे. ब्रेटचा फोन आला होता. मारिसोलने फासे विकत घेतलेत म्हणे. आता माघार घेता येत नाही. आणि डार्ला, हा दिवस फसला तर तो पुन्हा हवामानावर जाईल. मला माहीत आहे.

म्हणून मी ठरवलंय, तुझाच नकाशा घ्यायचा. राक्षसाची गुहा तर आजही अंगावर काटा आणते. आठवतं? तीन महिने आम्ही त्याच्या दारावरून चवड्यांवर जायचो. चौथी पायरी चुकवायची, कारण ती कुरकुरते. गुहेच्या खिडक्या चांदीने मढवलेल्या, उन्हाचा कण आत येत नाही, आणि आत तो झोपलेला. श्वास ऐकू येतो. मग तो जूनमधला शनिवार. मी म्हटलं, आता बस्स, याला झोपेतच उडवतो. फासा टॉवेलवर टाकला, आणि वीस! टेरीने तोंडात उशी कोंबून आरोळी ठोकली. माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा पराक्रम आहे तो, बेव्हसमोर लग्नाचा म्हणतो पण खरा तोच.

आणि दुसऱ्याच आठवड्यात फादरनी बंदी घातली. नशीब!

तर सांग, त्याच्या गुहेपलीकडे काय होतं? खजिना कुठे होता? लवकर कळव.

लॉनी

*

(पोस्टकार्ड, मागे तलावाचं चित्र)

१४ ऑक्टोबर

लॉनी,
राक्षस घेऊ नकोस म्हटलं ना. बंधाऱ्यावरचा म्हातारा घे, तो विनोदी आहे. खजिना नव्हता. कामात आहे.
डा.

*

लिटल शूट
२२ ऑक्टोबर २०१७

प्रिय डार्ला,

तुझं कार्ड बेव्हने फ्रिजवर लावलं आणि दोन दिवस त्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हिला काहीतरी लागलंय. काय लिहिलं होतंस?" मी म्हटलं, पराक्रम लिहिला होता. म्हणाली, "नकाशा दाखव."

मी स्वयंपाकघराच्या टेबलावर पसरला. तिने चष्मा लावला. बोटाने रेघांवरून फिरत गेली आणि एक मिनिटही झालं नसेल, म्हणाली, "हे घर आहे रे. ही भट्टी. हा कपडे धुवायचा कोपरा. हा जिना, आणि तुझी ही कुरकुरणारी चौथी पायरी." मी म्हटलं, हो, डार्लाने सांगितलंय, त्यांचंच घर आहे ते. माझ्या अकलेची कमाल बघ, पुढचं मला तरीही दिसलं नाही.

मग तिचं बोट राक्षसाच्या गुहेवर थांबलं. तू बाजूला लिहिलंयस, 'खिडक्यांना चांदी.' बेव्हने वर माझ्याकडे बघितलं. "चांदी कसली, लॉनी? ॲल्युमिनियमचा कागद आहे तो. आपल्या झोपायच्या खोलीला एकतीस वर्षं मीच चिकटवत आलेय. ऊन येऊन तुझी झोप मोडू नये म्हणून."

मग ती उठून भांडी घासायला लागली. मी तिथेच बसून राहिलो.

डार्ला, मी तुमच्या घरी शेकडो वेळा आलो. दारावरच्या घंटीला चिकटपट्टी लावलेली मी बघितली होती. खाली चिठ्ठी असायची, 'दिवसा झोपणारा माणूस आहे.' टेलिफोन टॉवेलात गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवलेला असायचा. हर्ब, तुझे वडील, तेही गिरणीत तिसऱ्याच पाळीत होते.

तो हर्ब होता का गं? मी तुझ्या वडिलांना मारलं का?

लॉनी

*

ह्यूटन
२ नोव्हेंबर २०१७

प्रिय लॉनी,

बेव्ह भारी आहे. तू तिच्या लायकीचा नाहीस, हे मी तिला न भेटताच सांगते.

हो. ते बाबाच होते.

पण आधी एक कबुली देते, म्हणजे पुढचं सोपं जाईल. फादर रॅडमाकरनी काहीही बंदी घातली नव्हती. बिचाऱ्यांना हा खेळ काय असतो तेच माहीत नव्हतं. एकदा त्यांनी मी काय लिहिते म्हणून विचारलं, मी सांगितलं, तर म्हणाले, "बुद्धिबळासारखं का? मलाही शिकव." त्या दिवसांत वर्तमानपत्रांतून या खेळाबद्दल सैतानाची पूजा वगैरे कायकाय छापून यायचं, तेव्हा तुम्हाला पटेल असं कारण आयतंच हाताशी होतं. मी खोटं बोलले. तू त्यांच्या अंत्यविधीला शेवटच्या बाकावर बसलास त्याचं पाप माझ्या माथी. जमलं तर त्यांच्या थडग्यावर दोन फुलं ठेव, आणि माझं नाव सांगू नकोस.

आता खरं. मी तो राक्षस मारायला ठेवलाच नव्हता. तो तुम्हाला पलीकडे नेणार होता. दरीवर पूल नव्हता, आठवतं? तो तुम्हाला खांद्यावर घेऊन पार करणार होता. त्यासाठी फक्त एक करायचं होतं, त्याला उठवायचं. दारात उभं राहून हाक मारली असती तरी पुरलं असतं. एप्रिल, मे, जून, मी तीन महिने वाट बघितली. दर शनिवारी वाटायचं, आज लॉनी म्हणेल, "मी त्याला उठवतो." तू चवड्यांवर जायचास. मला राग यायचा, पण रागवायचं तरी कुणावर? त्या घरात आठ वर्षांची असल्यापासून मीच चवड्यांवर चालत होते. मी स्वतः कधी उठवलं नव्हतं त्यांना. मला वाटलं होतं, खेळात कुणीतरी उठवेल. मग मला कळेल तरी कसं उठवायचं.

नकाशाचा पुढचा भाग कोरा का, विचारलं होतंस. तो उठला की पुढे काय होतं, हे मलाच माहीत नव्हतं. काय काढणार?

आणि मग तू वीस टाकलेस. नियम माझेच होते, वीस म्हणजे मरण. मला तुम्हाला सांगावं लागलं तो कसा मेला ते. मी सांगितलं. तुम्ही दोघं उशीत तोंड घालून नाचत होतात आणि मी वर छताकडे बघत होते. तुम्ही गेल्यावर मी तिथेच टॉवेल तोंडावर धरून रडत बसले.

तीन वाजता बाबा उठले. बनियनवर खाली आले, डबा शोधत. मला बघून घाबरले. "काय झालं? कोण मेलं?"

मी म्हटलं, "तुम्ही."

ते कपडे धुवायच्या मशीनवर बसले. मग सगळं ऐकून घेतलं, गुहा, चांदी, पायरी, सगळं. एकदाही हसले नाहीत. मी संपवल्यावर म्हणाले, "कुणी मारलं म्हणालीस?"

"लॉनीने."

"वायनबर्गांचा लॉनी? तो पोरगा तर आपल्या घरात शिंकायलासुद्धा अंगणात जातो." आणि मग, लॉनी, ते मान खाली घालून म्हणाले, "आणि मला हाक मारून बघावी असं कुणालाच नाही वाटलं?"

मी "नाही" म्हटलं. त्यांनी डबा उचलला आणि वर गेले. त्यानंतर मला तो खेळ मांडवला नाही. बाबा २००९ साली गेले, तोवर आम्ही चांगले बोलायचो, सणाला, वाढदिवसाला. पण ते वाक्य काही आम्ही दोघांनी पुन्हा काढलं नाही.

तुझ्यावर राग नाही रे. होता, साधारण सत्तावीस वर्षं. तू खेळाडूने जे करायचं तेच केलंस. आता तुला राक्षस हवा असेल तर घे. पण माझा नकाशा नको. तुझ्या घराचा काढ.

डार्ला

*

लिटल शूट
२६ नोव्हेंबर २०१७

प्रिय डार्ला,

फादरना फुलं ठेवली. माफी मागितली. तुझं नाव सांगितलं, सॉरी.

तुझ्या पत्रानंतर दोन आठवडे मी एक ओळ लिहू शकलो नाही. मग एका दुपारी चौकटीचा कागद घेतला आणि आमचं घर काढलं. तळघर, जिना, व्हरांडा, वरची खोली. नावं पुसली. वेळ लागला नाही. ज्याची भीती वाटते, ज्याला हात लावायची बंदी असते, ते सगळं एकाच खोलीत सापडलं. कुणाची वाट बघितली जाते, तेही.

काल शनिवारी दुपारी आम्ही बसलो. गुरुवारच्या थँक्सगिव्हिंगची टर्की संपत आलेली, तिचंच सँडविच प्रत्येकाच्या हातात. ब्रेट, बेव्ह आणि मारिसोल. ही मारिसोल फार गोड पोरगी आहे, आणि तितकीच रक्तपिपासू. पहिल्या तासात तिने अकरा घुशी, दोन शिपाई आणि चुकून आमचा स्वतःचा वाटाड्या मारला. बेव्हने मेलेल्यांना नीट पुरल्याशिवाय पुढे जायला नकार दिला. हसून हसून ब्रेटच्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्याला असं हसताना बघितलंच नव्हतं, नुसतं ऐकलं होतं.

मग ते जिन्यापाशी आले. मी सांगितलं, वर एक गुहा आहे, खिडक्यांना चांदी आहे, आत राक्षस झोपलाय.

मारिसोलने फासा उचलला. "मारूया. झोपलाय तोवर बरा."

"नको," ब्रेट म्हणाला. आणि डार्ला, त्याने ते कुजबुजत म्हटलं. टेबलावर, भर दुपारी, आम्ही चौघं जागे असताना. "मी पुढे जातो. पायऱ्यांच्या मधोमध पाय द्यायचा नाही, भिंतीच्या कडेने चालायचं. बूट खालीच काढून ठेव. दाराची मूठ फिरवायची नाही, आधी वर उचलायची, मग ती वाजत नाही." मी यातलं काही नकाशावर लिहिलं नव्हतं. बेव्ह कॉफी ढवळत होती, तिने चमचा कपाला न लावता बाहेर काढून रुमालावर ठेवला. मी दोघांकडे बघत राहिलो. काय शिकवून ठेवलं होतं मी यांना!

मी ठरवलं होतं, काहीही झालं तरी सुचवायचं नाही. उठव, असं मी सांगणार नव्हतो. तुझ्यासारखी वाट बघायची.

"तू दारात पोचलास," मी म्हटलं. "काय करशील?"

त्याने मारिसोलच्या हातातला फासा घेतला. मारिसोल म्हणाली, "अरे, मार नाहीतर पळ."

"मी बसतो," ब्रेट म्हणाला.

"बसतोस म्हणजे?"

"दाराबाहेर बसतो. तो उठेपर्यंत." तो फाशाशी खेळत होता, माझ्याकडे बघत नव्हता. "मी बसायचो तसा. गाड्या घेऊन. तिथे बरं वाटायचं."

नियमाप्रमाणे मी दर तासाला एक फासा टाकायचा होता, राक्षस उठतो की नाही ते बघायला. निळा फासा हातात घेतला. आणि डार्ला, मी जे आजवर बेव्हलाही सांगितलेलं नव्हतं ते तेव्हा माझ्या तोंडून गेलं. फासा मी खाली ठेवला.

"तो जागाच आहे," मी म्हटलं. "तू जिन्यावर पाय ठेवलास तेव्हापासून."

दिवसा कुणाला झोप लागते गं? चांदी लावा, पडदे लावा. पहिले दोन-तीन तास डोळा लागायचा, मग मी नुसता पडून असायचो. साडेतीनला शाळेची बस थांबायची. मग घराच्या दाराची मूठ उचलल्याचा आवाज. तो आवाज येत नाही असं ब्रेटला अजून वाटतं. मग माझ्या खोलीच्या दाराबाहेर खेळण्यातल्या गाड्यांची शर्यत, कुजबुजत, समालोचनासकट. पहिल्यांदा मी खोकलो होतो. बाहेर सगळं एकदम गप्प झालं आणि तो भिंतीच्या कडेने जिना उतरून गेला. दुसऱ्यांदा मी पलंगावर उठून बसलो, तेव्हाही तसंच. मग मी खोकला दाबायला शिकलो. हलायचं नाही, कूस वळवायची नाही. तो गेला नसता तर मी उठलो असतो, आणि मी उठलो नसतो तर तो गेला नसता. असे आम्ही एका दाराच्या दोन बाजूंना किती वर्षं बसलो ते देव जाणे. तुझ्या वडिलांचंही असंच असेल का, हे मी कालपासून मनात घोळवतोय. तुम्ही खाली फासे टॉवेलवर टाकत होतात ना? तळघरातलं सगळं वर ऐकू येतं, डार्ला. मी आता खात्रीने सांगू शकतो.

बेव्ह माझ्याकडे अशी बघत होती की मी बशीत बघायला लागलो.

ब्रेट म्हणाला, "मग राक्षस बोलला का नाही?"

"बोलला असता तर शर्यत थांबली असती," मी म्हटलं. "लाल ट्रक पहिला यायचा होता."

त्याने फासा खाली ठेवला. मारिसोलने विचारलं, "कुठला लाल ट्रक? नकाशावर आहे का?"

"त्याचं एक चाक निघायचं," ब्रेट म्हणाला.

"माहीत आहे. प्रत्येक वळणावर तू समालोचनात त्याला दुरुस्तीसाठी थांबवायचास."

त्याने मान वर केली. आजवर माझ्याशी बोलताना त्याने कधी 'तुम्ही' सोडलं नव्हतं.

"बाबा," तो म्हणाला, "तू रोज जागा असायचास?"

तुझा,
लॉनी